क्रूझवरचं ड्रिंक्स पॅकेज: घेण्याआधी अर्धा तास कागद-पेन घेऊन बसा

पहिल्या क्रूझवर मी ड्रिंक्स पॅकेज घेतलं होतं, म्हणजे सफरभराच्या पेयांचे दिवसाच्या हिशोबाने ठरलेले पैसे एकदाच भरले होते. चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पोहण्याच्या तलावाशेजारी बसून, अजिबात तहान नसताना, मी दुसरी आइस्ड लाटे मागवली. सकाळचा सगळा वेळ बंदरावर फिरण्यात गेला होता, त्यामुळे त्या दिवसाचे पैसे ‘वसूल’ व्हायचे राहिले होते. वेटरने ग्लास ठेवला, कार्ड टेकवलं, पावतीवर शून्य रक्कम छापून आली आणि मला उगाचच जिंकल्यासारखं वाटलं. मग अर्धा ग्लास तसाच टाकून उठलो.

दुसऱ्या सफरीला पॅकेज घेतलं नाही, ते बरोबर ठरलं. तिसऱ्या वेळी घेतलं, तेही बरोबर ठरलं, कारण त्या सफरीत समुद्रावरचे दिवस जास्त होते आणि सोबतची मंडळी संध्याकाळी बारमध्ये रमणारी होती. तेव्हा ‘पॅकेज परवडतं का हो?’ या प्रश्नाला सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. पण उत्तर काढायची रीत आहे, आणि ती सोपी आहे. फक्त एक गोष्ट सुरुवातीपासून पक्की धरायची: पॅकेजची किंमत मेन्यूवरच्या भावांशी ताडून बघायची नाही. पॅकेज नसतं तर आपण खिशातून खरंच किती खर्च केला असता, त्या रकमेशी ताडून बघायची. या दोन आकड्यांमध्ये बरंच अंतर असतं, आणि पॅकेज विकणाऱ्याचा फायदा त्या अंतरातच आहे.

पायरी १: फुकट काय मिळतंय ते आधी बघा

पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, जहाजावर पाऊल ठेवलं की घोटाघोटाला पैसे. तसं नाही. बहुतेक मोठ्या जहाजांवर बुफेमध्ये साधं पाणी, साधी फिल्टर मशीनची कॉफी, चहा, दूध, लेमोनेड किंवा आइस्ड टी आणि नाश्त्याच्या वेळी मशीनमधला ज्यूस हे सगळं तिकिटातच असतं. पैसे लागतात ते कोला वगैरे शीतपेयांना, बाटलीबंद पाण्याला, एस्प्रेसो मशीनवर केलेल्या कॉफीला, ताज्या काढलेल्या रसाला, मॉकटेलला आणि अर्थातच मद्याला.

बाटलीबंद पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पॅकेजच्या जाहिरातीत ते आवर्जून दाखवतात. मोठी जहाजं समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी स्वतःच तयार करतात आणि काही वेळा बंदरातूनही भरून घेतात. ते प्रक्रिया केलेलं आणि पिण्यायोग्य असतं. अमेरिकेतल्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांची सीडीसी ही तिथली आरोग्य संस्था आपल्या व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅममधून अचानक तपासणी करते, आणि त्यात पिण्याच्या पाण्याची व्यवस्थाही बघितली जाते. एक रिकामी बाटली बॅगेत टाकून न्या, बुफेतल्या नळावर भरा. हिशोबातली एक ओळ तिथेच कमी झाली.

काही कंपन्यांच्या जहाजांवर तर हा प्रश्नच येत नाही. रीजेंट सेव्हन सीज, सिल्व्हरसी, सीबॉर्न या महागड्या कंपन्या मद्यासकट बहुतेक पेयं भाड्यातच धरतात. वायकिंगच्या समुद्री जहाजांवर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणासोबत बिअर आणि वाइन मिळते, त्यामुळे जेवताना एखादा ग्लास घेणाऱ्याचं तेवढ्यात भागतं. डिस्नेच्या जहाजांवर शीतपेयं तिकिटात आहेत आणि मद्याचं अमर्याद पॅकेजच ते विकत नाहीत. व्हर्जिन व्हॉयेजेसचंही तसंच. तिथे बारसाठी आगाऊ रक्कम जमा करता येते, पण ‘हवं तेवढं प्या’ असा प्रकार नाही. डोकं खाजवायची वेळ येते ती रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, नॉर्वेजियन, सेलिब्रिटी, प्रिन्सेस, एमएससी अशा कंपन्यांच्या जहाजांवर. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

पायरी २: अटींचं पान शेवटपर्यंत वाचा

पॅकेजच्या साधारण तीन पायऱ्या असतात. सगळ्यात खालचं फक्त शीतपेयांचं. मधलं बिनमद्याचं, त्यात मॉकटेल, चांगली कॉफी, ताजे रस, बाटलीबंद पाणी येतं. सगळ्यात वरचं मद्यासकट सगळ्याचं. किंमत माणशी दररोज अशी सांगतात, पण घ्यावं लागतं पूर्ण सफरीचं. सात रात्रींची सफर असेल तर सात दिवसांचे पैसे, मग त्यातले तीन दिवस तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत जमिनीवर भटकत असलात तरी. ‘आम्हाला फक्त समुद्रावरच्या दिवसांचं द्या’ ही मागणी सहसा कोणी ऐकून घेत नाही.

अटींमध्ये पहिली बघायची ती एका पेयाच्या किमतीची मर्यादा. रॉयल कॅरिबियनच्या मद्याच्या पॅकेजमध्ये १४ डॉलरपर्यंतचं पेय बसतं. त्यापेक्षा महाग मागवलं तर वरचा फरक तुमच्या जहाजावरच्या खात्यावर. कार्निव्हलच्या ‘चिअर्स’ पॅकेजमध्ये ही मर्यादा २० डॉलर आहे. हे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून आपल्या बुकिंगच्या पानावरचेच खरे धरा. साधी बिअर, बारची नेहमीची साधी वाइन, नेहमीची कॉकटेल्स या मर्यादेत आरामात बसतात. जुनी सिंगल माल्ट व्हिस्की किंवा खास वाइन पिणाऱ्याने मात्र बारचा मेन्यू आधी मिळवून बघावा, नाहीतर पॅकेज असूनही रोज वरचे पैसे भरत बसाल.

दुसरी अट दिवसाच्या मर्यादेची. ‘अमर्याद’ हा शब्द मोठ्या अक्षरात असतो आणि त्याच्यावरची फुली बारीक अक्षरात. कार्निव्हलवर २४ तासांत मद्याची १५ पेयं, त्यापुढे बंद. काहींना हे वाचून हसू येतं. अमेरिकन मापाप्रमाणे एका प्रमाण पेयात सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं; म्हणजे साधारण ३५० मिलिलीटर बिअर, १५० मिलिलीटर वाइन किंवा ४५ मिलिलीटर कडक दारू. पंधरा पेयं म्हणजे दिवसाला २१० ग्रॅम. त्या मर्यादेच्या जवळपास जाणाऱ्याला पॅकेजच्या हिशोबापेक्षा वेगळ्या सल्ल्याची गरज आहे.

बाकीच्या अटी भराभर: पॅकेज दुसऱ्याला वापरायला देता येत नाही, आणि एका वेळी सहसा एकच पेय मिळतं. केबिनमधला मिनीबार, वाइनची अख्खी बाटली, घरी न्यायचा शोभेचा ग्लास हे बहुतेक ठिकाणी पॅकेजच्या बाहेर. अमेरिकेतून निघणाऱ्या सफरींवर मद्यासाठी वयाची अट २१ असते, इतर अनेक ठिकाणी १८. एकोणीस वर्षांची मुलगी सोबत असेल तर हे आधीच बघून ठेवा. जहाज कुठल्या बंदरातून निघतंय यावर तिचं पॅकेज ठरेल.

आणि एक विचारायचं विसरू नका: कंपनीचं स्वतःचं खासगी बेट मार्गात असेल तर तिथे पॅकेज चालतं का? काही कंपन्यांचं चालतं, काहींचं नाही. बेटावरचा दिवस हाच अनेकांचा सगळ्यात जास्त पिण्याचा दिवस असतो, त्यामुळे या एका उत्तराने पारडं इकडचं तिकडे होऊ शकतं.

पायरी ३: सर्व्हिस चार्ज दोन्ही बाजूंना लावा

बारमधली पावती एकदा नीट हातात घेऊन बघा. वर कॉकटेलचं नाव, समोर १३.००. त्याखाली सर्व्हिस चार्ज, २.३४. मग बेरीज, १५.३४. आणि त्याच्या खाली, सहीच्या जरा वर, एक रिकामी ओळ: ‘अ‍ॅडिशनल टिप’. टिप आधीच कापून घेतलेली आहे. ही ओळ त्याच्या वरची आहे. नवखा माणूस संकोचाने तिथे दोन-तीन डॉलर लिहितो आणि आपण दुसऱ्यांदा टिप देतोय हे त्याच्या लक्षातही येत नाही. खूश होऊन द्यायची असेल तर जरूर द्या, पण समजून उमजून द्या.

हा सर्व्हिस चार्ज रॉयल कॅरिबियनवर १८ टक्के, नॉर्वेजियनवर २० टक्के असा असतो. तो सुट्या पेयावर लागतो आणि पॅकेजच्या किमतीवरही लागतो. वेबसाइटवर पॅकेजचा जो आकडा ठळक दिसतो तो बहुतेकदा चार्ज न लावलेला असतो. इथे लोक दोन उलट्या चुका करतात. एक जण पॅकेजचा चार्ज लावलेला आकडा घेतो आणि मेन्यूतला बिनचार्जाचा भाव. त्याला पॅकेज आहे त्यापेक्षा महाग वाटतं. दुसरा नेमकं उलटं करतो आणि फसतो. दोन्हीकडे लावा किंवा दोन्हीकडून काढा, पॅकेजला एका पेयाच्या भावाने भागलं की उत्तर तेच येतं. खर्चाची एकूण रक्कम मात्र चार्ज धरूनच लिहा, कारण खात्यातून तीच जाणार आहे.

बंदरात जहाज उभं असताना काही ठिकाणी पेयांवर तिथला स्थानिक करही लागतो. रक्कम मोठी नसते, पण पावतीवर अनोळखी ओळ दिसली तर दचकू नका.

पायरी ४: आता कागदावर सफर उतरवा

सगळा निकाल या पायरीवर आहे, म्हणून इथे घाई करू नका.

समजा पॅकेज दिवसाला ७० डॉलर आणि चार्ज १८ टक्के. म्हणजे रोजचे ८२.६० डॉलर. कॉकटेल १३ डॉलरचं, चार्जासकट १५.३४. भागाकार केला की ५.४ येतात. रोज साडेपाचच्या आसपास कॉकटेल्स प्यायलात तर पैसे सुटले. बिअर ८ डॉलरची धरली तर जवळपास पावणेनऊ बिअर. इथपर्यंतचा हिशोब सगळेच करतात, आणि ‘सुट्टीवर साडेपाच काय, सहज होतात’ म्हणून पॅकेज घेऊन मोकळे होतात. चूक इथेच होते. ते डोळ्यासमोर आणतात समुद्रावरचा एक छान, लांबलचक दिवस, आणि त्याला साताने गुणतात.

सफरीचा कार्यक्रम समोर घ्या आणि प्रत्येक दिवस वेगळा लिहा. सात रात्रींची एक नमुना सफर घेऊ: पहिला दिवस चढण्याचा, तीन दिवस समुद्रावर, तीन दिवस बंदरात. चढण्याच्या दिवशी दुपार रांगेत, केबिन शोधण्यात आणि सुरक्षेच्या कवायतीत जाते. चार पेयं धरा. समुद्रावरच्या दिवशी सहा. बंदराच्या दिवशी आठ तास जमिनीवर, परत येईपर्यंत पाय दुखत असतात, जेवून एखाद-दुसरं आणि झोप, तीन धरा. बेरीज अशी: ४ अधिक १८ अधिक ९, म्हणजे ३१. सगळी कॉकटेल्सच आहेत असं मानलं तरी सुट्या दराने ४७५.५४ डॉलर होतात. पॅकेजचे सात दिवसांचे ५७८.२०. शंभरावर डॉलरचा फरक, आणि तोही ‘सहा पेयं रोज’ म्हणणाऱ्या माणसाच्या बाबतीत. रोजची सरासरी साडेचारलाही पोहोचत नाही.

बंदरावर प्यायलेली बिअर विसरू नका. तिचे पैसे तुम्ही जमिनीवर देताच, पॅकेज त्या दिवशी केबिनमध्ये झोपलेलं असतं. म्हणजे बंदराच्या दिवशी दोनदा खर्च. म्हणूनच जवळजवळ रोज बंदर गाठणाऱ्या सफरींवर पॅकेज क्वचितच सुटतं, आणि महासागर ओलांडणाऱ्या, पाच-सहा दिवस सलग पाण्यावर असणाऱ्या सफरींवर ते सुटायची शक्यता बरीच वाढते.

आता कॉफी, पाणी, रस. विक्रेता म्हणेल, ‘सर, फक्त दारू कशाला मोजता? रोज दोन कॉफी, एक पाण्याची बाटली, एक कोला, दोन बिअर, दोन कॉकटेल, रात्री एक ग्लास वाइन. झाले की पैसे वसूल!’ बेरीज करून बघितली तर तो खोटं बोलत नाही. कॉफी ५ डॉलर, पाणी ३, कोला ४, बिअर ८, कॉकटेल १३, वाइन १२ धरली तर ७१ डॉलर होतात, पॅकेजच्या ७० पेक्षा एक जास्तच. पण यातली दुसरी कॉफी तुम्ही पाच डॉलर मोजून घेतली असती का, की बुफेतली साधी कॉफी चालली असती? पाण्याची बाटली घेतली असती का?

म्हणून कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात ‘पॅकेज असेल तर पिईन’, दुसऱ्यात ‘पैसे मोजून पिईन’. पहिला रकाना मोहाचा आहे, तो भरायला मजा येते. निर्णय दुसऱ्या रकान्यावर घ्यायचा. माझ्या पहिल्या सफरीतली ती आइस्ड लाटे पहिल्या रकान्यातली होती. तिची मेन्यूवरची किंमत काहीही असो, माझ्यासाठी तिची किंमत शून्य होती.

तुमचा आकडा पॅकेजच्या आकड्याच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे आला तर? मग माझं मत पॅकेजच्या बाजूने, पण एकाच कारणासाठी. काही माणसांना प्रत्येक सहीच्या वेळी मनात मीटर पळताना दिसतो आणि त्यांची सुट्टी त्यात जाते. अशा माणसाला चाळीस-पन्नास डॉलर जास्त देऊन मनाची शांती मिळत असेल तर सौदा वाईट नाही. उलट स्वभावाची माणसंही असतात, माझ्यासारखी, जी पैसे भरले की वसुलीच्या मागे लागतात. आपण कुठल्या जातकुळीतले, हे आपल्याला माहीत असतं. बुफेत ताट भरताना आपण काय करतो ते आठवून बघा.

पायरी ५: केबिनमध्ये दुसरं कोण आहे?

बऱ्याच जोडप्यांचं गणित इथे कोसळतं. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलसह अनेक कंपन्यांचा नियम असा की केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचं पॅकेज घेतलं तर त्याच केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी घ्यायचं. कारण उघड आहे: एकाच्या कार्डावर दोघं पिऊ नयेत.

वरच्याच उदाहरणात नवरा ३१ कॉकटेल्स पिणारा आणि बायको अख्ख्या सफरीत चार ग्लास वाइन घेणारी आहे असं धरा. सुट्या दराने दोघांचे मिळून ५३२.१८ डॉलर. पॅकेजने ११५६.४०. दुपटीहून जास्त. नवऱ्याने समुद्रावरच्या दिवशी सहाऐवजी आठ पेयं घेतली तरी हे अंतर भरून निघत नाही, आणि भरून काढायच्या नादात बायको वैतागेल ते वेगळंच.

दुसरी व्यक्ती मद्य घेतच नसेल, गरोदर असेल किंवा औषधं चालू असतील, तर फोन करून विचारा. काही कंपन्या अशा वेळी त्या व्यक्तीला बिनमद्याचं पॅकेज घेऊ देतात. वेबसाइटवर हा पर्याय दिसेलच असं नाही, विचारलं तर मिळतो. मित्रांबरोबर जात असाल तर केबिन वाटून घेतानाच हा विचार करा: पिणारे दोघं एका केबिनमध्ये, न पिणारे दोघं दुसऱ्या. मैत्रीत फरक पडत नाही, बिलात पडतो.

पायरी ६: ‘मोफत’ पॅकेजचा भाव काढा

काही वेळा पॅकेज भाड्यासोबत बांधून देतात. नॉर्वेजियनने ‘फ्री अ‍ॅट सी’ या नावाने अशी योजना बरीच वर्षं चालवली. त्यात पॅकेज मोफत म्हटलं तरी त्याच्या किमतीवरचा २० टक्के सर्व्हिस चार्ज आगाऊ द्यावा लागायचा. म्हणजे मोफत नव्हे, स्वस्त. प्रिन्सेसच्या ‘प्लस’ भाड्यात पेयं, वाय-फाय आणि कर्मचाऱ्यांची रोजची टिप एकत्र येतात.

अशा गाठोड्याचा हिशोब वेगळा करायचा. समजा गाठोडं रोज ६० डॉलरला पडतंय. त्यातलं वाय-फाय तुम्ही तसंही २० डॉलरला घेणार होता आणि कर्मचाऱ्यांची टिप १७ डॉलर तशीही देणार होता. मग पेयांसाठी उरले २३. दोन पेयांत पैसे सुटले. ज्याला सुटं पॅकेज अजिबात परवडत नाही त्यालाही असं गाठोडं परवडू शकतं. मात्र वाय-फाय लागणारच नसेल तर ते २० डॉलर वजा करू नका. तिथे परत पहिल्या रकान्याचा मोह डोकं वर काढतो.

पायरी ७: पॅकेज नको ठरलं, तर काय?

तर चांगल्याच गोष्टी आहेत, आणि जहाजावर त्यांची जाहिरात कमी होते.

चढण्याच्या दिवशी हातातल्या सामानात वाइन नेता येते. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल कायदेशीर वयाच्या प्रत्येक प्रवाशाला ७५० मिलिलीटरची एक बाटली नेऊ देतात. केबिनमध्ये उघडलीत तर वरचा खर्च नाही. रेस्टॉरंटमध्ये नेलीत तर बूच काढण्याचे वेगळे पैसे लागतात. डिस्नेवर त्याहून सढळ परवानगी आहे: प्रत्येक प्रौढाला दोन बाटल्या वाइन किंवा सहा बिअर. कडक दारू मात्र यांपैकी कुठेच नेता येत नाही. सामान क्ष-किरण यंत्रातून जातं, बाटली सापडली की काढून घेतात. शाम्पूच्या बाटलीत भरून नेण्याचे किस्से ऐकायला मजेदार असतात, पण चव शाम्पूचीच लागते असं करून बघितलेले सांगतात. जहाजावरच्या दुकानातून घेतलेली दारूही तुमच्या हाती सफर संपतानाच पडते, तोवर ती त्यांच्याकडे राहते.

जेवताना वाइन आवडणाऱ्या जोडप्याने ग्लासाऐवजी बाटली मागवावी. उरली तर वेटर बूच लावून केबिनचा नंबर घालून ठेवून देतो आणि दुसऱ्या रात्री तीच आणून देतो. दोन रात्रींत एक बाटली, आणि ग्लासाच्या भावापेक्षा बरंच कमी.

फक्त कॉफीसाठी जीव कासावीस होत असेल तर काही जहाजांवर कॉफी कार्ड मिळतं, ठरावीक कपांचं. बिअरवाल्यांना बादली मिळते, बर्फात चार-पाच बाटल्या, एकेकटीपेक्षा स्वस्त. ‘आजचं कॉकटेल’ नेहमीपेक्षा कमी दरात असतं. पण ते शोभेच्या ग्लासात नको म्हणून स्पष्ट सांगा, नाहीतर ग्लासाचे पैसे वेगळे लागतात. मुलांना शीतपेयांचं पॅकेज घेताना मोजा: चार डॉलरचा कोला दिवसातून तीनदा पिणारा मुलगा आहे का? असेल तर घ्या. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलवर चढताना प्रत्येकी डझनभर कॅन नेता येतात, हे त्याच्या आईला सांगू नका. उचलायचे तुम्हालाच आहेत.

वारंवार जाणाऱ्यांना निष्ठेचं बक्षीस मिळतं. रॉयल कॅरिबियनच्या डायमंड दर्जाच्या प्रवाशाला रोज चार पेयं मोफत असतात. नात्यातला कोणी असा प्रवासी असेल आणि पॅकेज घेत असेल तर त्याला थांबवा.

पायरी ८: घ्यायचंच ठरलं, तर कधी?

जहाजावर चढण्याआधी. चढल्या चढल्या जिन्याजवळ हसतमुख मंडळी टेबल मांडून उभी असतात, मागे संगीत, ट्रेमध्ये रंगीत ग्लास. तिथला भाव बहुतेक वेळा वेबसाइटवर आधी दिसत होता त्यापेक्षा जास्त असतो, आणि तिथे कागद-पेन काढून बसायची सोय नसते. ते टेबल तिथे का असतं, तर माणूस सुट्टीच्या पहिल्या तासात सगळ्यात उदार असतो म्हणून.

वेबसाइटवरचा भाव स्थिर नसतो. एकाच जहाजाच्या दोन सफरींना वेगळा, एकाच सफरीला वेगवेगळ्या आठवड्यांत वेगळा. सणासुदीच्या सवलतींना उतरतो. म्हणून बुकिंग झालं की लवकर घेऊन ठेवा, पण आधी खात्री करा की सफरीपूर्वी ते पूर्ण पैसे परत मिळून रद्द करता येतं. अनेक कंपन्यांकडे येतं. मग दर दोन आठवड्यांनी डोकावून बघा. भाव उतरला असेल तर जुनं रद्द करा, नवं घ्या. मी एकदा असं दोनदा केलं. दहा मिनिटांचं काम, पण करायचं आठवलं पाहिजे, म्हणून फोनवर गजर लावून ठेवला होता.

ठरत नसेल तर न घेता चढा. पहिला दिवस सुट्या पैशांनी प्या आणि रात्री अ‍ॅपवर खात्यातला आकडा बघा. काही कंपन्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीही पॅकेज देतात. तेव्हा उरलेल्या दिवसांचेच पैसे घेतात की पूर्ण सफरीचे, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

शेवटच्या रात्री, झोपण्याआधी, खातं उघडून एकेक ओळ तपासा. पॅकेज असूनही लागलेलं पेय, न प्यायलेला मिनीबारचा कॅन, दोनदा पडलेला चार्ज, असं काहीबाही निघतं. ते त्या रात्रीच काउंटरवर जाऊन सोडवा. सकाळी तिथे उतरणाऱ्यांची रांग जिन्यापर्यंत गेलेली असते. आणि तो दोन रकान्यांचा कागद फेकू नका. प्रत्यक्षात काय प्यायलात ते शेजारी तिसऱ्या रकान्यात लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. माझ्या कागदावर बंदराच्या तिन्ही दिवसांसमोर ‘३’ असा अंदाज आहे आणि तिसऱ्या रकान्यात १, २, ० अशी नोंद. शून्याच्या दिवशी मी साडेआठलाच झोपलो होतो.